झील कोण धरणार? गारिफुना गाण्यांचा किनारा आणि दोन ध्वनिमुद्रिका

१

मध्य अमेरिकेच्या कॅरिबियन किनाऱ्यावर बेलीझ, ग्वाटेमाला, होंडुरास आणि निकाराग्वा या चार देशांत गारिफुना लोकांची गावे विखुरलेली आहेत. हे लोक स्वतःला अनेकवचनात 'गारिनागु' म्हणवतात. त्यांची भाषा, नृत्य आणि संगीत यांना युनेस्कोने २००१ साली मानवजातीच्या मौखिक वारशाच्या पहिल्या यादीत स्थान दिले. एकोणीस नावांच्या त्या यादीत केरळचे कूडियाट्टमही होते. तेव्हापासून गारिफुना गाण्यांविषयी बरेच लिहिले गेले आहे आणि त्यातले बहुतेक एकाच सुरात आहे. एक संस्कृती विझत चालली होती, काही जाणत्या माणसांनी तिचे ध्वनिमुद्रण केले, जगाने ते ऐकले, आणि संस्कृती वाचली.

या 'वाचली'चा अर्थ तपासणे हा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी दोन ध्वनिमुद्रिका समोर ठेवतो. पहिली अँडी पालासियो आणि गारिफुना कलेक्टिव्ह यांची 'वातिना' (२००७), दुसरी गारिफुना बायकांच्या आवाजांची 'उमालाली' (२००८). दोन्हींचे निर्माते एकच, बेलीझचे इव्हान दुरान. दुरान स्वतः गारिफुना नव्हेत. या मुद्रिका मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. गेल्या नोव्हेंबरात बेलीझच्या दक्षिण किनाऱ्यावर, डँग्रिगा आणि हॉपकिन्स या दोन ठिकाणी राहून हीच गाणी आणि त्यांची भावंडे त्यांच्या जागी ऐकता आली. त्यामुळे मुद्रिकांविषयीचे माझे मत पुसले गेले नाही, पण ते मोजण्याची पट्टी मात्र बदलली.

पट्टी अशी: गारिफुना गाणे जिवंत आहे की नाही, हे मुख्य आवाज किती सुरेल आहे यावरून ठरत नाही. त्या आवाजामागे ओळ उचलून धरणारे किती जण आहेत, यावरून ठरते. आपल्याकडे पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी असतात. गारिफुना परंपरेत झील धरणाऱ्यांचे स्थान त्याहून मोठे आहे. तिथे बहुतेक गाणे कुणाला तरी उद्देशून असते आणि झील हा त्या हाकेला मिळालेला ओ असतो. ओ देणारे नसतील तर उरते ती नुसती हाक.

२

हाकेचा हा मुद्दा त्यांच्या इतिहासातूनच येतो, म्हणून तो थोडक्यात सांगायला हवा. सेंट व्हिन्सेंट बेटावर, ज्याला गारिफुना 'युरुमेन' म्हणतात, मूळचे कॅरिब रहिवासी आणि आफ्रिकेतून आणलेली माणसे यांच्या संकरातून हा समाज घडला. आफ्रिकन माणसे तिथे आली कशी, याची एक कथा आजही पर्यटनाच्या प्रत्येक माहितीपत्रकात असते: गुलामांनी भरलेले जहाज बेटाजवळ फुटले आणि त्यातली माणसे पोहत किनाऱ्याला लागली. साल कुणी १६३५ देतात, कुणी १६७५. जहाजे फुटली नसतील असे नाही. पण शेजारच्या बेटांवरच्या मळ्यांतून पळून आलेल्यांचा आणि कॅरिबांनी छाप्यांत आणलेल्यांचाही या समाजाच्या घडणीत वाटा आहे. तरीही एकाच जहाजाची कथा एवढी पक्की का झाली? तिच्या प्रसारातला एक महत्त्वाचा ग्रंथ १७९५ साली विल्यम यंग या नावाने इंग्लंडात प्रसिद्ध झाला. यंग घराण्याचे सेंट व्हिन्सेंटवर मळे होते. ग्रंथाचा युक्तिवाद असा की हे 'काळे कॅरिब' बेटाचे मूळ मालक नव्हेत, अपघाताने आलेले उपरे आहेत. त्यांनी 'तांबड्या' कॅरिबांची जमीन बळकावली आहे, तेव्हा ती त्यांच्याकडून घेण्यात अन्याय नाही. मळेवाल्याने जमिनीच्या दाव्यासाठी वापरलेली कथा आज त्याच लोकांच्या गौरवासाठी सांगितली जाते. ज्यांच्याविषयी ती आहे त्यांचे उत्तर त्या ग्रंथात नाही.

ज्या वर्षी ग्रंथ आला त्याच वर्षी, १४ मार्च १७९५ रोजी, त्यांचा सरदार शातोये लढाईत मारला गेला. पुढच्या वर्षी प्रतिकार मोडला. इंग्रजांनी चार हजारांहून अधिक माणसांना बालिसो नावाच्या लहानशा उजाड बेटावर कोंडले. तिथे जवळजवळ निम्मी माणसे रोगराईने मेली. उरलेल्यांना जहाजांत घालून एप्रिल १७९७ मध्ये होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर उतरवण्यात आले. ती दोन हजारांच्या आसपास होती. तिथून ती मुख्यभूमीवर त्रुहियोला आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने दोन्ही दिशांना पसरली. १९ नोव्हेंबर १८३२ रोजी बेलीझच्या किनाऱ्यावर, आजच्या डँग्रिगाजवळ, मोठी तुकडी उतरली अशी तिथली परंपरा आहे. थॉमस व्हिन्सेंट रामोस यांनी १९४१ साली हा दिवस साजरा करायला सुरुवात केली आणि १९७७ पासून तो बेलीझची राष्ट्रीय सुट्टी आहे.

भाषेतही हा सगळा प्रवास साठलेला आहे. गारिफुना ही मुळात आरावाक कुळातली भाषा. तिच्यावर कॅरिब भाषेचा थर आहे. रेमों ब्रतों या फ्रेंच मिशनऱ्याने १६६५ मध्ये छापलेल्या कोशात बेटांवरच्या कॅरिबांचे पुरुषांचे शब्द आणि बायकांचे शब्द वेगवेगळे नोंदलेले सापडतात. त्या फारकतीचे अवशेष आजही आहेत. 'मी' म्हणायला पुरुषाचा शब्द 'आऊ', बाईचा 'नुगुया'. आकडे तीनपर्यंत स्वतःचे: आबान, बियामा, उरुवा. चारपासून फ्रेंच सुरू होते: गादुरू, सेन्गू, सिसी. म्हणजे एका हाताची बोटे मोजतानाच दोन खंडांच्या भाषा लागतात. ज्यांना या संस्कृतीत 'शुद्ध' काही हवे असते आणि विजेची गिटार ऐकली की ज्यांचे कपाळ आक्रसते, त्यांनी हे आकडे एकदा मोठ्याने म्हणून पाहावेत. शुद्धता हा या परंपरेचा निकष कधीच नव्हता. परांडा या गीतप्रकारातली गिटार स्पॅनिश भाषकांकडून आली. 'पुंता रॉक' हा प्रकार १९७०च्या दशकाच्या अखेरीस डँग्रिगात पेन कायेतानो आणि त्यांच्या मित्रांनी घडवला, तेव्हा त्यात ढोल, कासवांची कवचे आणि विजेची गिटार एकत्र वाजत होती. उसने घेणे हा या लोकांचा जुना उद्योग आहे. घेतलेले परत आपल्या माणसांत वाटणे, हाच काय तो त्यांचा नियम दिसतो.

३

डँग्रिगा आणि हॉपकिन्समध्ये मी गाणे तीन प्रकारच्या जागी ऐकले.

पहिली जागा हॉटेलच्या अंगणाची. हॉपकिन्स हे समुद्राला समांतर पसरलेले लांबट गाव आहे आणि आता त्याच्या किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी बरीच बांधकामे झाली आहेत. तिथे संध्याकाळी जेवणाच्या वेळेला ढोलवादन असते. वादक तरबेज होते. 'प्रिमेरा' हा छोटा ढोल बोलतो, 'सेगुंदा' हा मोठा ढोल त्याला धरून ठेवतो. कातड्यावरून ताणलेल्या तारेमुळे प्रत्येक थापेमागे एक बारीक झणकार उमटतो. एक जण प्रत्येक नाचाची माहिती इंग्रजीत देत होता. पुंता हा नाच बेलुरियाचा, म्हणजे माणूस गेल्यावर नवव्या रात्री होणाऱ्या जागरणाचा, हेही त्याने सांगितले. मग पाहुण्यांना उठवून पुंता नाचायला लावले. गाणे मात्र तो एकटाच म्हणत होता आणि झीलही वादकच वाजवता वाजवता धरत होते. समोरून मिळत होत्या त्या टाळ्या. यात कुणाचा दोष काढावा असे काही नाही. हे मानाने केलेले काम आहे आणि त्यावर घरे चालतात. पण रचना बघा. हाक आणि ओ दोन्ही मंचावरूनच येतात, आणि अंगणात बसलेल्यांकडून गाण्याची काही अपेक्षा नसते.

दुसरी जागा १९ नोव्हेंबरच्या सकाळची. डँग्रिगात नदीच्या मुखाशी लोक पहाटेपासून जमतात. समुद्राकडून होड्या येतात. त्यांत ढोल, ताडाच्या झावळ्या, कसाव्याच्या काड्या, केळीचे कोंब, आणि पिवळा, पांढरा, काळा असा तिरंगी झेंडा असतो. पूर्वजांचे उतरणे पुन्हा करून दाखवायचे असते. हेही एक प्रकारचे नाट्यच, तरी ते हॉटेलमधल्या प्रयोगाहून पार वेगळे घडते. होडीतल्या बायका ओळ टाकतात आणि ती काठावरचे लोक उचलतात. होडी वळणावर येईपर्यंत काठावरच्या आवाजाने होडीतला आवाज झाकून टाकलेला असतो. मग मिरवणूक चर्चकडे जाते आणि मिस्सा होते ती गारिफुना भाषेत, ढोलांच्या साथीने. कॅथलिक प्रार्थनेला पूर्वजांचा ठेका लागतो आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही.

तिसरी जागा बेलुरियाची. एका घरी नवव्या रात्री मला येऊ दिले, त्या घराचे नाव इथे सांगण्याचे कारण नाही. आत जपमाळ चालली होती. बाहेर ताडपत्रीखाली पत्ते, रम, भाजलेले मासे, आणि मध्यरात्रीनंतर पुंता. इथले मुख्य आवाज पन्नाशी-साठीच्या बायकांचे होते. पुंताची गाणी बहुतेक बायकांनीच रचलेली असतात. त्यांत सोडून गेलेला नवरा असतो, उणेदुणे बोलणारी शेजारीण असते, परदेशी जाऊन पत्र न पाठवणारा मुलगा असतो. जिच्याविषयी गाणे आहे ती शेजारीण कदाचित तिथेच झील धरत असते. व्हर्जिनिया कर्न्स यांनी १९७०च्या दशकात बेलीझमध्ये केलेल्या अभ्यासातून १९८३ साली एक पुस्तक सिद्ध केले. आप्तसंबंध आणि पितरांचे विधी यांचा भार वयस्क बायका वाहतात, हे त्याचे प्रतिपादन आहे. त्या रात्री ते पुस्तक माझ्या डोळ्यांसमोर घडत होते. एक बाई दमली की दुसरी ओळ पुढे नेत होती. पण वर्तुळाच्या कडेला उभी असलेली बारा-पंधरा वर्षांची मुले गप्प होती. ती नाचत होती, आणि मोठ्यांहून चांगली नाचत होती. झील आली की मात्र त्यांचे ओठ मिटत. आजीने गारिफुनात काही विचारले की ती क्रिओलमध्ये उत्तर देत. ठेका पुढच्या पिढीकडे पोचला होता, पण शब्द पोचले नव्हते.

या तीन जागांच्या पलीकडे आणखी एक जागा आहे, दुगूची. पितरांना, म्हणजे 'गुबिदां'ना, तृप्त करण्याचा हा अनेक दिवसांचा विधी 'दाबुयाबा' या देवघरात 'बुयेई'च्या देखरेखीखाली होतो. तो पाहण्याचा प्रकार नव्हे, म्हणून मी तिथे जाण्याची विनंती केली नाही. अभ्यासकांच्या लेखनातून जे कळते त्यातले एकच इथे महत्त्वाचे आहे. पितर रागावतात ते विसरल्यामुळे, आणि त्यांची मनधरणी करायची तर सगळ्या आप्तांनी यावे लागते. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसहून माणसे येतात. गैरहजेरी हाच मोठा दोष. दुगूत बायका हातात हात गुंफून रांगेत उभ्या राहतात आणि वाद्यांशिवाय 'आबेइमाहानी' गातात. पुरुषांच्या अशाच गाण्याला 'आरुमाहानी' म्हणतात. यातली कित्येक गाणी स्वप्नात मिळाली असे रचणारे सांगतात. म्हणजे गाणे पितरांकडून येते आणि पितरांकडे जाते. मधली रांग तुटू न देणे हे गाणाऱ्यांचे काम.

४

आता 'वातिना'. शब्दाचा अर्थ 'मी हाक मारली'. शेवटच्या 'ना'त 'मी' दडलेला आहे आणि तो 'आऊ' की 'नुगुया', पुरुष की बाई, हे त्यात उघड होत नाही. मराठीत 'मी गेलो', 'मी गेले' असे बोलताक्षणी बोलणाऱ्याचे लिंग कळते. पण 'मी हाक मारली' म्हटले की क्रियापद हाकेशी जुळते आणि हाक मारणारा आडोशाला जातो. दोन्ही भाषांत या शब्दांपुरते असे घडावे, हा योगायोग मला या मुद्रिकेच्या बाबतीत अर्थपूर्ण वाटतो. तिच्यात हाक मारणारा महत्त्वाचा नाही, हाक महत्त्वाची आहे.

पालासियो १९६० साली बारँको या दक्षिणेकडच्या खेड्यात जन्मले. १९८० साली ते निकाराग्वाच्या साक्षरता मोहिमेत काम करायला गेले. तिथल्या किनाऱ्यावरच्या गारिफुना वस्त्यांत त्यांची भाषा बोलणारी मोजकी म्हातारी माणसे उरली होती. आपली भाषा बोलणारा तरुण समोर उभा आहे यावर तिथल्या एका वृद्धाचा विश्वासच बसेना, हा प्रसंग ते पुढे मुलाखतींत सांगत. पालासियोंनी बारँकोचे भविष्य निकाराग्वात पाहिले, असे म्हणता येईल. परतल्यावर अनेक वर्षे ते पुंता रॉकचे लोकप्रिय गायक होते. त्यांची त्या काळातली गाणी नाचायला उत्तम आहेत. 'वातिना'त मात्र त्यांनी वेग कमी केला, यंत्रातून येणारा ठेका बाजूला ठेवला आणि परांडाच्या गिटारीकडे, दुगूच्या तालाकडे वळले. जगभरच्या समीक्षकांनी याला 'मुळांकडे परतणे' म्हटले आणि मुद्रिका डोक्यावर घेतली. त्याच वर्षी पालासियो आणि दुरान यांना वोमेक्स पुरस्कार मिळाला, पालासियोंना युनेस्कोने 'शांतीचे कलावंत' म्हणून गौरवले. जानेवारी २००८ मध्ये वयाच्या ४७व्या वर्षी ते गेले.

'मुळांकडे परतणे' हे वर्णन मला अपुरे वाटते. या मुद्रिकेची ताकद जुन्या वाद्यांत नाही, आवाजांच्या मांडणीत आहे. पालासियोंचा आवाज असामान्य नाही. तो थोडा कोरडा, बोलण्याच्या जवळचा आहे. बहुतेक गाण्यांत तो ओळ टाकतो आणि बाजूला होतो. समूहाचा आवाज येतो तो मागून, सजावट म्हणून येत नाही. तो समोर येतो, आणि कधी मुख्य आवाजाहून जाडही असतो. इतर गायकांनाही इथे पुरेशी जागा आहे. शेवटून दुसरे गाणे 'आयो दा' म्हणजे निरोप. ते पुंता गोर्दाच्या पॉल नाबोर यांच्या आवाजात आहे. नाबोर हे परांडाचे सर्वांत वडीलधारे गायक. ते २०१४ मध्ये वारले. त्यांचे 'नागुया नेई' हे प्रसिद्ध गाणे बहिणीने मरणापूर्वी त्यांच्याकडून मागून घेतले होते, म्हणून त्या गाण्याला पहिल्यापासून एक ठरलेली श्रोती होती. अशा माणसाने निरोप म्हणायचा आणि लगेच पुढचे, शेवटचे गाणे पालासियोंनी घ्यायचे. ते गाणे 'आमुन्येगू', म्हणजे 'येत्या काळात'. त्यात ते विचारतात, येत्या काळात माझ्याशी गारिफुनात कोण बोलेल, आपले विधी कोण करील. प्रश्नाचे उत्तर गाण्यात नाही. समूह तोच प्रश्न उचलतो आणि मुद्रिका संपते. झील इथे ओ देत नाही, हाकेत सामील होते. ही रचना फार विचाराने केलेली आहे. 'वातिना' मला श्रेष्ठ वाटते ती यासाठी. स्वतःच्या मर्यादेलाच तिने विषय केले आहे. आपण परक्यांसमोर गातो आहोत आणि ज्यांच्यासाठी गातो आहोत ते कदाचित ऐकत नाहीत, हे तिला ठाऊक आहे.

५

'उमालाली' म्हणजे आवाज. दुरान यांनी सुमारे दहा वर्षे किनाऱ्यावरची गावे फिरून बायकांची गाणी जमवली. त्यांतल्या निवडक बायकांना घेऊन हॉपकिन्समध्ये समुद्राकाठच्या झावळ्यांनी शाकारलेल्या खोपटात ध्वनिमुद्रण केले, आणि पुढे आपल्या स्टुडिओत त्यावर गिटार, बास आणि इतर आवाजांचे थर चढवले. ग्वाटेमालातल्या लिव्हिंग्स्टनच्या सोफिया ब्लांको आणि त्यांची कन्या सिल्व्हिया यांच्यासह बेलीझ, होंडुरासच्या गायिका यात आहेत. आयुष्यभर कसावा किसणाऱ्या, मुले वाढवणाऱ्या, कधी मंचावर न गेलेल्या बायकांचे आवाज प्रथमच या ताकदीने जगासमोर आले. हे ऋण मोठे आहे आणि पुढची टीका ते मान्य करूनच आहे.

सोफिया ब्लांकोंचा आवाज ऐकताना पहिल्यांदा अंगावर काटा येतो. तो चिरा पडलेला, वरच्या पट्टीत कसलाही आधार न घेता जाणारा आवाज आहे. आक्षेप आहे तो त्या आवाजाच्या एकटेपणावर. संकलकाने प्रत्येक गाण्याला एकेक नायिका दिली आहे. तिच्याभोवती वाद्यांनी अवकाश तयार केला आहे. रांग मात्र उरलेली नाही. गुंफलेले हात, शेजारणीच्या श्वासावर घेतलेला श्वास, दमलेल्या बाईकडून दुसरीने ओढून घेतलेली ओळ, हे सगळे गळून पडले. झील आहे, पण बहुतेकदा मागच्या पडद्यासारखी. ऐकणाऱ्याच्या कानात राहतो तो एका बाईचा विलाप. तो सुंदर आहे, आणि आधुनिक श्रोत्याला सवयीचाही. एकट्या व्यक्तीचे एकटे दुःख हा आपल्या काळाचा आवडता प्रकार आहे.

'हॅटी' हे गाणे याची कसोटी ठरते. ३१ ऑक्टोबर १९६१ रोजी हॅटी नावाच्या चक्रीवादळाने बेलीझचा किनारा उद्ध्वस्त केला. राजधानीचे शहर असे बुडाले की पुढे देशाने राजधानीच समुद्रापासून दूर, बेलमोपानला हलवली. त्या वादळाचे हे गाणे. अशी गाणी गावाचे दप्तर असतात. कुणाचे काय गेले, हे त्यांत नोंदले जाते आणि ज्यांचे गेले तेच झील धरून त्या नोंदीवर सही करतात. मुद्रिकेत नोंद राहिली, सह्या पुसट झाल्या. ज्याला भाषा येत नाही त्या श्रोत्याला हे वादळाचे गाणे आहे की विरहाचे, हे सोबतच्या टिपणाशिवाय कळणार नाही, आणि बहुधा कळण्याची गरजही वाटणार नाही.

इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ध्वनिमुद्रिकेत झील आधीच भरलेली असते. प्रत्येक वेळी ती त्याच जागी, त्याच सुरात येते. त्यामुळे ऐकणाऱ्याला तोंड उघडावे लागत नाही. जिथे आपण गप्प राहिलो तर गाणे अडेल अशी व्यवस्था होती, तिथे आपल्यावाचून काही अडत नाही अशी व्यवस्था आली. परदेशी श्रोत्याचे यात काही बिघडत नाही. पण डँग्रिगाच्या घरात हीच मुद्रिका वाजते आणि पंधरा वर्षांचा मुलगा ती कानात घालून फिरतो, तेव्हा त्याच्याकडे आजीचा आवाज असतो आणि आजीला ओ देण्याची जबाबदारी मात्र नसते. 'वाचली' या शब्दाखाली हा तोटा झाकला जातो.

६

मग ध्वनिमुद्रण करायचेच नव्हते का? असे म्हणणे अन्यायाचे होईल. हाक लांब जावी म्हणून ती मुद्रित झाली, आणि तिला ओ मिळालाही. होंडुरासच्या प्लाप्लाया गावचे आउरेलियो मार्तिनेस हे पालासियोंचे मित्र आणि सहगायक. ते काही वर्षे आपल्या देशाच्या संसदेत खासदारही होते. पालासियो गेल्यावर त्यांनी 'लारू बेया' ही मुद्रिका केली (२०११) आणि ती मित्राच्या स्मृतीला वाहिली. तिच्यासाठी ते सेनेगलच्या संगीतकारांकडे गेले. ज्या खंडातून पूर्वज आणले गेले, त्याच्या किनाऱ्यावर उभे राहून त्यांनी बारँकोच्या गायकाला उत्तर दिले. ती मुद्रिका 'वातिना'च्या शेजारी ठेवून ऐकली पाहिजे. दोन्ही मिळून एक गाणे होते. आउरेलियो १७ मार्च २०२५ रोजी रोआतान बेटाजवळ विमान कोसळून गेले. १७९७ साली पूर्वज उतरले ते हेच बेट.

म्हणजे हाक मारणारा गेला आणि ओ देणाराही गेला. गौरवलेखांत आता पुन्हा 'शेवटचा आवाज' वगैरे शब्द दिसू लागतील. समीक्षेने त्या वाटेने जाऊ नये. मोठ्या आवाजांची जागा भरायला वेळ लागतो, पण या परंपरेत ती भरत आलेली आहे. बालिसोवर निम्मी माणसे गेल्यावरही उरलेल्यांनी गाणे चालू ठेवले, कारण त्यांच्यात एकमेकांना ओ देण्याइतकी माणसे आणि एक भाषा उरली होती. आज माणसे भरपूर आहेत. प्रश्न भाषेचा आहे. राष्ट्रीय गारिफुना परिषदेने १९९३ साली रॉय कायेतानोंच्या संपादनाखाली लोककोश काढला. डँग्रिगात २००७ पासून गुलिसी शाळेत मुलांना इंग्रजी आणि स्पॅनिशबरोबर गारिफुनाही शिकवली जाते. शाळेला ज्या गुलिसीचे नाव दिले आहे ती, परंपरेनुसार, शातोयेची मुलगी. असल्या कामांना संगीताच्या पुरवण्यांत जागा मिळत नाही. गाण्याच्या दृष्टीने पाहिले तर तिथे पुढचे झीलकरी घडत आहेत.

म्हणून इथून पुढे गारिफुना गाण्याची कुठलीही नवी मुद्रिका आली तर मी तिला दोन प्रश्न विचारीन. ही हाक कुणाला आहे? आणि झील धरणाऱ्यांसाठी गाण्यात मोकळी जागा ठेवली आहे का, की तीही आधीच भरून टाकली आहे? 'उमालाली'त अप्रतिम आवाज आहेत, पण ती जागा नाही. 'वातिना' 'आमुन्येगू'ने संपते, प्रश्न हवेत राहतो आणि पुढे काही क्षण शांतता असते. ती शांतता मुद्रिकेतली सर्वांत महत्त्वाची जागा आहे. ती माझ्यासारख्या पाहुण्याने भरायची नाही, मला ती भाषाही येत नाही. त्या रात्री वर्तुळाच्या कडेला ओठ मिटून नाचणाऱ्या मुलांसाठी ती ठेवलेली आहे.